पोटगीवर आयकर: महिन्याची घ्यावी की एकरकमी?

निळाई

नमस्कार मंडळी. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज दाखल केला आहे. सहा महिन्यांची मुदत संपत आली आहे, त्याआधी संमतीच्या अटी पक्क्या करून द्यायच्या आहेत. पोटगीचे दोन पर्याय समोरून आले आहेत: दरमहा ४० हजार, किंवा एकदाच ४० लाख आणि पुढे कुणाचं कुणाकडे काही मागणं नाही. मुलगी ८ वर्षांची आहे, ती माझ्याकडेच राहणार. तिच्यासाठी दरमहा २० हजार वेगळे, ते दोन्ही पर्यायांत आहेत. मी नोकरी करते, वार्षिक पगार १० लाख.

माझे वकील म्हणतात की पोटगीवर टॅक्स नसतो, निर्धास्त राहा. ऑफिसमधली एक सहकारी मात्र दर वर्षी पोटगीवर टॅक्स भरते. दोघंही अगदी खात्रीने सांगतात. एकदा सही झाली की बदल करणं अवघड, म्हणून आत्ताच विचारते आहे. जाणकारांनी कृपया नीट सांगावं.

सहप्रवासी

निळाई, तुमची सहकारी बरोबर सांगते आहे. मलाही महिन्याची पोटगी मिळते आणि ती रिटर्नमध्ये दाखवावी लागते. कोर्टात रकमेवर एवढी घासाघीस झाली, पण ती हातात आल्यावर किती उरेल हा प्रश्न आमच्या बाजूने कुणीही काढला नाही. फौजदारी-दिवाणी सगळं सांभाळणाऱ्या वकिलांचा टॅक्स हा विषय असतोच असं नाही. सही करायच्या आधी एका सीएला भेटाच.

हिशेबनीस

मी सीए आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न वारंवार येतो आणि अर्धवट उत्तरांवर लोक सह्या करून मोकळे होतात.

आयकर कायद्यात 'पोटगी' असं स्वतंत्र कलम नाही. जे आहे ते कोर्टाच्या निकालांतून आलं आहे, आणि त्यातला मुख्य निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा: प्रिन्सेस महेश्वरी देवी ऑफ प्रतापगढ विरुद्ध आयकर आयुक्त (१९८४, १४७ आयटीआर २५८; आयटीआर म्हणजे इथे आयकर निकालांचा संग्रह, रिटर्न नव्हे). त्या प्रकरणात बाईंना एकरकमी रक्कमही मिळाली होती आणि महिन्याची पोटगीही. कोर्टाने दोन्हींना वेगळं तोललं. महिन्याची रक्कम नियमित येते आणि तिचा उगम ठरलेला आहे, तो म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा. म्हणून ती उत्पन्न, आणि करपात्र. एकरकमी रक्कम ही भांडवली जमा, म्हणजे उत्पन्न नव्हे, म्हणून तिच्यावर कर नाही. तेव्हा तुमचे वकील एकरकमीपुरते बरोबर आहेत आणि सहकारी मासिकपुरती.

आता तुमचेच आकडे घेऊ. नवी करप्रणाली, आर्थिक वर्ष २०२५-२६ चे दर. पगार १० लाख, त्यातून प्रमाणित वजावट ७५ हजार गेली की ९.२५ लाख. १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करात पूर्ण सूट, असल्यामुळे आज तुमचा कर शून्य. त्यात महिन्याचे ४० हजार म्हणजे वर्षाचे ४.८० लाख मिळवा: एकूण १४.०५ लाख. रिबेट गेला. कर ९०,७५० आणि त्यावर ४ टक्के सेस धरून ९४,३८०.

म्हणजे ४.८० लाखांतले ९४ हजार सरकारकडे. कागदावर ४० हजार, हातात महिन्याला साधारण ३२ हजार. शिवाय पोटगीवर कुणी टीडीएस कापत नाही, म्हणजे हा कर तुम्हाला स्वतःहून अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणून भरावा लागतो. वर्षाचा देय कर १० हजार किंवा त्याहून जास्त असला की १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा लागू होतात, आणि चुकवल्या तर आयकर कायद्याच्या कलम २३४ब, २३४क खाली व्याज. नोकरदारांना एक सोपी वाट आहे: हे इतर उत्पन्न ऑफिसला कळवा, ते पगारातूनच जास्तीचा टीडीएस कापतात आणि तारखांची कटकट राहत नाही.

निळाई

९४ हजार! हा आकडा आजवर कुणीच माझ्यासमोर मांडला नव्हता. खूप आभार. मग ४० लाख घेतले तर त्यावर खरंच काही लागणार नाही?

हिशेबनीस

४० लाखांवर नाही. त्यांच्या व्याजावर लागेल. समजा सगळे मुदत ठेवीत टाकले आणि ७ टक्के मिळाले, तर वर्षाला २.८० लाख व्याज, ते करपात्र. ९.२५ अधिक २.८० म्हणजे १२.०५ लाख. इथे तुम्ही १२ लाखांच्या जेमतेम ५ हजार वर जाता, आणि सीमांत सवलतीमुळे कर त्या ५ हजारांपुरताच राहतो, सेससह ५,२००. एकीकडे ९४,३८०, दुसरीकडे ५,२००. अर्थात पगार वाढेल तसं हे गणित बदलेल.

आणखी एक. १० लाखांवरच्या ठेवी बँक आयकर खात्याला कळवते, त्या तुमच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या वार्षिक माहिती विवरणात) दिसतात. १० लाख पगाराच्या व्यक्तीकडे ४० लाखांची ठेव दिसली की विचारणा होऊ शकते. घाबरायचं कारण नाही. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, संमतीच्या अटी आणि रक्कम ज्या बँक व्यवहाराने आली त्याची नोंद एकत्र ठेवा. रोखीने एक रुपयाही घेऊ नका.

काळाकोट

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. हिशेबनीस यांनी मांडलेलं गणित बरोबर आहे, पण निर्णय नुसत्या कराच्या आकड्यावर घेऊ नका, ताई.

महिन्याची पोटगी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली असेल, तर परिस्थिती बदलल्यावर दोघांपैकी कुणीही ती वाढवून, कमी करून किंवा रद्द करून मागू शकतं. तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर ती बंद करून मागायचा हक्क त्यांना आहे. आणि ती देणाऱ्याच्या नोकरीवर, तब्येतीवर, इच्छेवर अवलंबून. थकली की वसुलीचा अर्ज, मग तारखा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी हुकूमनामा हातात असून दर महिन्याला बँकेचा मेसेज बघत बसलेल्या असतात. ते दमवणारं आहे.

एकरकमी रकमेत हे सगळं संपतं. पण महागाईचा, गुंतवणुकीचा भार तुमच्यावर येतो, आणि ४० लाख तुमच्या वयाला पुरेसे आहेत का हे वेगळं तपासायला हवं. वर्षाचे ४.८० लाख आणि ४० लाख यांची तुलना केली तर ही साधारण ८ वर्षं ४ महिन्यांची पोटगी झाली. तुम्ही चाळिशीच्या आत असाल तर मला ती कमी वाटते. मासिकवर पडणारा कर वजा करून तुलना करा आणि त्या आधारावर आकडा वाढवून मागा. हा मुद्दा वाटाघाटीत चालतो, मी स्वतः वापरला आहे.

पायवाट

मी देणाऱ्याच्या बाजूचा आहे. इथे बहुतेक लिहिणाऱ्या घेणाऱ्या बाजूच्या आहेत म्हणून लिहितो, वाद घालायला नाही. मी दर महिन्याला पोटगी देतो, वेळेवर देतो, आणि ती दिलीच पाहिजे असं मला वाटतं. पण ती मी माझा कर भरून झाल्यावर उरलेल्या पैशांतून देतो. मला त्याची कसलीही वजावट नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाला ४० हजार द्यायचे तर सेससकट साधारण ५८ हजार कमवावे लागतात. आणि त्याच ४० हजारांवर ती पुन्हा कर भरते. एकाच रुपयावर दोनदा कर, हे कुठल्या न्यायात बसतं? मी सीएला विचारलं की कोर्टाने सक्तीने द्यायला लावलेली रक्कम माझं उत्पन्न कसं काय? तो म्हणाला, "निकाल तुमच्या विरुद्ध आहेत", आणि विषय तिथेच थांबला.

हिशेबनीस

पायवाट, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. प्रकरण मुंबईचंच: आयकर आयुक्त विरुद्ध सीतलदास तीरथदास (१९६१, ४१ आयटीआर ३६७). मुंबई उच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्यानुसार त्यांना बायको-मुलांना निर्वाहखर्च द्यायचा होता. तो त्यांनी दोन वर्षांच्या उत्पन्नातून वजा मागितला, एका वर्षी १,३५० रुपये आणि दुसऱ्या वर्षी १८,०००. युक्तिवाद तुमचाच: हा पैसा माझा नाहीच, हुकुमाने तो दुसऱ्याचा झाला आहे.

कोर्टाने एक रेघ आखली. पैसा तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच वरच्या हक्काने दुसरीकडे वळत असेल, तर तो तुमचं उत्पन्न नाही. पण आधी तुमच्या हातात येऊन मग तुम्ही तो देणं फेडायला वापरत असाल, तर ते उत्पन्नाचा विनियोग झालं, आणि कर तुमचाच. सीतलदास दुसऱ्या बाजूला पडले. पगारातून पोटगी देणारा प्रत्येक जण तिथेच पडतो.

पहिल्या बाजूचं उदाहरण म्हणजे १९३३ चं प्रिव्ही कौन्सिलचं (ब्रिटिश काळातलं सर्वात वरचं अपील न्यायालय) राजा बिजॉय सिंग दुधुरिया प्रकरण. तिथे सावत्र आईच्या निर्वाहखर्चाचा बोजाच मालमत्तेवर कोर्टाने चढवला होता, म्हणून ती रक्कम राजांच्या उत्पन्नातून वगळली गेली. त्यामुळे मोठी भाड्याची मालमत्ता असेल आणि हुकूमनाम्यात त्यावर पोटगीचा स्पष्ट बोजा ठेवला असेल, तर मांडायला मुद्दा आहे. पगारदाराला तो उपयोगी नाही.

एकरकमी रक्कम उभी करायला शेअर किंवा फंड विकले तर त्यावरचा भांडवली नफ्याचा करही देणाऱ्याचाच. 'पोटगीसाठी विकलं' म्हणून सूट नाही.

दूरदेशी

तुलनेसाठी बाहेरचं थोडं सांगते. मी कॅनडात आहे. इथे कोर्टाच्या आदेशाने किंवा लेखी कराराने ठराविक कालांतराने दिलेली जोडीदाराची पोटगी देणाऱ्याच्या उत्पन्नातून वजा होते आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. कर एकदाच. मुलांच्या खर्चाचं तसं नाही: मे १९९७ पासूनच्या आदेशांमध्ये देणाऱ्याला वजावट नाही आणि घेणाऱ्याला कर नाही. अमेरिकेतही पोटगीला पूर्वी वजावट होती. २०१७ च्या करसुधारणेने ३१ डिसेंबर २०१८ नंतरच्या घटस्फोटांसाठी ती काढून टाकली, पण तिथे घेणाऱ्यावरचा करही काढला. ब्रिटनमध्ये घेणाऱ्याला कर नाही, आणि देणाऱ्याला सवलत फक्त दोघांपैकी एकाचा जन्म ६ एप्रिल १९३५ पूर्वीचा असेल तर.

म्हणजे या तिन्ही देशांनी कर कुणी भरायचा हे ठरवलं आहे, तो दोघांकडून घेतलेला नाही. आपल्याकडे मासिक पोटगीत तो दोघांकडून जातो. पायवाट यांची तक्रार मला शंभर टक्के पटते.

काळाकोट

मलाही पटते, पण उपाय म्हणून देणाऱ्याला वजावट द्या असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. वजावट दिली की घेणारीवरचा कर कायमचा पक्का झाला. माझ्या बहुतेक अशिलांना उत्पन्न कमी असतं, त्यांना आजच्या रिबेटमुळे कर लागत नाही. पण नोकरी करणाऱ्या, एकटीने मूल वाढवणाऱ्या निळाईसारख्या बायकांवर हा भार सगळ्यात जास्त पडतो. संसदेने कोर्टाने ठरवलेली पोटगी घेणारीच्या हातात करमुक्त करावी, हे माझं स्पष्ट मत आहे. तो रुपया करातून एकदा गेलेलाच आहे.

तोवर कोर्टात काय करता येतं? सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा (नोव्हेंबर २०२०) या निकालात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. त्यात पोटगीवर पडणारा अंदाजे कर मी वेगळा मांडते. २०१७ च्या कल्याण डे चौधरी निकालातला, पोटगी म्हणून नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्क्यांचा आकडा सगळे सांगतात. तो निव्वळ, म्हणजे नवऱ्याचा कर वजा करून आलेला. बायकोचा कर मात्र कुणी वजा करत नाही. हे कोर्टाच्या लक्षात आणून द्यावं लागतं, आणि आणून दिलं की न्यायाधीश ऐकतात.

गच्ची

उपप्रश्न. आमच्याकडे रोख रकमेऐवजी राहतं घर माझ्या नावावर करायचं ठरत आहे. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. यात कर कुठे येतो?

हिशेबनीस

गच्ची, इथे तारखेला फार महत्त्व आहे. कलम ५६(२)(दहा) खाली नातेवाइकाकडून मिळालेल्या मालमत्तेवर कर नाही. नवरा-बायको कायद्याने नातेवाईक आहेत, माजी नवरा-बायको नाहीत. म्हणून शक्य असेल तर घराचं हस्तांतर अंतिम हुकूमनाम्याच्या आधी, लग्न कायद्याने टिकून असताना करून घ्या. महाराष्ट्रात राहत्या घराच्या नवरा-बायकोमधल्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कही नाममात्र २०० रुपये आहे. हुकूमनाम्यानंतर ती सवलत नाही.

एरवी बायकोला मोबदल्याशिवाय दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. विभक्त राहण्याच्या करारापोटी दिलेली मालमत्ता मात्र कलम ६४ मध्येच त्यातून वगळली आहे. त्यामुळे घर भाड्याने दिलंत तर भाडं तुमचं, कर तुमचा. पुढे विकताना मात्र बक्षीस मिळालेल्या घराची खरेदी किंमत त्यांची जुनी किंमत धरली जाते, आजचा बाजारभाव नाही. वाटाघाटीत घराची किंमत धरताना हा पुढचा कर कमी करूनच धरा.

काळाकोट

एक सावधगिरी. आधी बक्षीसपत्र करायचं आणि मग समोरच्याने संमती मागे घ्यायची, किंवा याच्या उलट, असे प्रकार होतात. कोणत्या दिवशी काय होणार हे संमतीच्या अटींत क्रमाने लिहून घ्या.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. माझे दोन प्रश्न राहिले. मुलीचे २० हजार माझं उत्पन्न धरणार का? आणि समोरून आता असं आलं आहे की ४० लाख एकदम जमणार नाहीत, दोन वर्षांत चार हप्त्यांत देऊ. मग ती मासिकसारखी करपात्र होते का?

हिशेबनीस

हप्त्यांचं आधी. एकूण रक्कम ठरलेली असेल, ती सगळ्या हक्कांच्या बदल्यात शेवटची तडजोड म्हणून असेल आणि फक्त देण्याची सोय म्हणून तुकडे पाडले असतील, तर तिचं भांडवली स्वरूप जात नाही. गडबड शब्दांमुळे होते. "पत्नीस निर्वाहासाठी दर सहा महिन्यांनी १० लाख" असं लिहिलं तर खात्याला ती नियतकालिक रक्कम म्हणायला जागा मिळते. "कायमस्वरूपी पोटगीच्या पूर्ण व अंतिम तडजोडीपोटी एकूण ४० लाख, ते चार हप्त्यांत देय" असं लिहून घ्या. हप्ता चुकल्यास व्याज लावणार असाल तर ते व्याज करपात्र, त्याचं कलम वेगळं ठेवा.

माजी पतीने दिलेल्या एकरकमी रकमेला खात्याने भेट समजून कर लावायचा प्रयत्न केलेला आहे. दिल्लीच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये मीनाक्षी खन्ना प्रकरणात तो फेटाळला. तिथे आधी मासिक पोटगी ठरली होती, ती मिळाली नाही, आणि शेवटी एकरकमी घेऊन बाईंनी मागचे-पुढचे हक्क सोडले. ती रक्कमही करमुक्तच ठरली. तुमच्या कागदावर 'हक्क सोडण्याच्या बदल्यात' हे आलं पाहिजे, त्याचं कारण हेच.

मुलीचे पैसे. वडील-मुलीचं नातं घटस्फोटाने तुटत नाही, ती त्यांची नातेवाईक राहतेच. तिच्या संगोपनाची रक्कम तिच्यासाठी म्हणून वेगळ्या कलमात लिहिलेली असेल तर ती तुमच्या पोटगीत मिसळत नाही. "पत्नी व मुलगी यांना मिळून ६० हजार" असं एकत्र वाक्य आलं, की सगळेच ६० हजार तुमचं उत्पन्न म्हणून समोर येऊ शकतात. शक्य असेल तर तिच्या नावाचं खातं उघडा, तुम्ही पालक म्हणून, आणि रक्कम थेट तिथे येऊ द्या. त्यातून उरलेल्या पैशांवरचं व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवलं जाईल, कारण लग्न टिकून नसेल तेव्हा अल्पवयीन मुलाचं उत्पन्न त्याला सांभाळणाऱ्या पालकाकडे धरतात. ती रक्कम छोटी असेल.

पायवाट

मुलीच्या बाबतीत माझा अनुभव सांगतो. आमच्या अटींत शाळेची फी मी थेट शाळेत भरतो असं आहे. तिच्या आईला त्यात हिशेब द्यावा लागत नाही, मलाही पैसे कुठे गेले हा प्रश्न पडत नाही. मी जुन्या करप्रणालीत आहे, त्यामुळे शिकवणी शुल्काची कलम ८०क खालची वजावटही मिळते. दोघांमधली निम्मी भांडणं यामुळे झालीच नाहीत.

निळाई

हे छान आहे, सुचवते. आज वकिलांशी बोलले. मुलीचं कलम वेगळं करायला आणि 'पूर्ण व अंतिम तडजोड' हे शब्द घालायला ते तयार आहेत. काळाकोट यांच्या सल्ल्याप्रमाणे ४० ऐवजी ५२ लाखांची मागणी कळवली, सोबत हिशेबनीस यांचं गणितही दिलं. मधल्या काळात मिळालेल्या अंतरिम पोटगीचं काय करायचं?

हिशेबनीस

ती लग्न टिकून असताना नवऱ्याकडून आलेली आहे, म्हणून ती करपात्र नाही अशी भूमिका बरेच सीए घेतात आणि मला ती पटते. पण ती हुकुमाने दरमहा येत असल्यामुळे महेश्वरी देवी निकालाचा आधार घेऊन खातं उलटं म्हणू शकतं. तुमच्या बाबतीत पगार आणि ती रक्कम मिळून १२ लाखांच्या आत असेल तर दाखवून टाका, कर शून्यच येईल आणि प्रश्नच राहणार नाही. 'इतर स्रोतांपासून उत्पन्न' या शीर्षकाखाली दाखवायची.

इथे मी १९६१ च्या कायद्याची कलमं दिली आहेत, कारण सगळे निकाल त्याच्यावरचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत आणि 'करनिर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं आहे. तुमचे हप्ते दोन वर्षं चालणार, म्हणून सीएकडून अटींचा मसुदा नव्या कलमांशी एकदा ताडून घ्या, सही करायच्या आधी.